काकूची कोरकू वही, आणि मेळघाटातली बावीस वर्षं

जालनेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचायलोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जालन्याचे ख्रिस्ती. नारायण शेषाद्री म्हणून ब्राह्मण घरातले एक गृहस्थ 1843 ला मुंबईत ख्रिस्ती झाले, पुढं त्यांनी आपल्या जालन्यात मिशन उभं केलं आणि निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून बेथेल नावाचं गावच वसवलं, तर त्या मिशनच्या आसऱ्यानं जी घरं वाढली त्यातलं एक आमचं. हे एवढ्यासाठी सांगायलोय की मिशनरी म्हणलं की लोकांच्या डोळ्यापुढं गोरा साहेब आणि टोपी येते. आमच्या घरातला मिशनरी म्हणजे माझे मोठे काका, काळेसावळे, पायात टायरची चप्पल, आणि सोबत काकू, जी एएनएम (म्हणजे बाळंतपणं करणारी नर्सबाई) झालेली होती आणि माझ्या मते खरी मिशनरी तीच.

1979 ला दोघं मेळघाटात गेले, धारणी तालुक्यातल्या एका कोरकू आदिवासी गावात. पोरगी सहा वर्षांची. तिला जालन्यात हॉस्टेलला ठेवलं. 2001 ला परत आले. काका जाऊन बरेच दिवस झाले, काकू मागच्या पावसाळ्यात गेली. घर आवरताना तिच्या ट्रंकेत एक वही सापडली, दोनशे पानी, खाकी पुठ्ठ्याची. मला वाटलं बायबलच्या नोट्स असतील. तर सगळे शब्द! डाव्या बाजूला देवनागरीत कोरकू, उजव्या बाजूला मराठी. दा म्हणजे पाणी. जोम म्हणजे खाणं. उरा म्हणजे घर. कुला म्हणजे वाघ, आणि त्याच्यापुढं कंसात बारीक अक्षरात लिहिलेलं, ‘रात्री हा शब्द काढायचा नाही, बाया रागावतात’.

आता प्रश्न असा की ही वही कुणाच्या कामाची आहे का? आणि दुसरा प्रश्न जो खरा मला विचारायचाय, तो म्हणजे या दोघांनी बावीस वर्षं तिथं केलं ते नेमकं काय? आमच्या चर्चमधे म्हणतात सेवा. आमच्या गल्लीत म्हणतात धर्मांतराचा धंदा. मला दोन्ही शब्द बसेनात म्हणून विचारायलोय.

हिंगोलीची_लेक

सुंदर लिहिलंय दादा. पण आधी मला सांगा १९७९ ला जालन्याहून धारणीला जायचे कसे? आमच्या हिंगोलीवरून ती मीटरगेज जायची पूर्णा-अकोला-खंडवा, मीनाक्षी एक्सप्रेस, तिनंच का?

जालनेकर

हाव ताई तीच लाइन. जालन्याहून पूर्णा, पूर्णेला रात्र काढायची, मग हिंगोली वाशिम अकोला अकोट, आणि पुढं धूळघाटला गाडी डोंगराला वेढा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुलानं जायची ती, लहानपणी मी एकदा गेलोय, खिडकीतून खाली आपलीच पटरी दिसायची. तुकईथडला उतरून पुढं जीप मिळाली तर जीप नाहीतर बैलगाडी. पावसाळ्यात ते पण नाही. काका म्हणायचे जून ते सप्टेंबर आम्ही बेटावर.

उगंच_एक

भाऊ राग मानू नका, पण सरळ विचारतो. जालन्यात काय कमी गरीब होते का? आपल्याकडं ७२ चा दुष्काळ पडून गेलेला, लोक रोजगार हमीवर खडी फोडत होते, तरी कोरकूंकडेच कामून जायचं? कारण उघड आहे, आदिवासी भोळा असतो, गोळी दिली की बाप्तिस्मा. मध्य प्रदेशात मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला नियोगी समिती उगं बसली नव्हती १९५४ ला.

पोडावरचा_मास्तर

किनवट तालुक्यात जिल्हा परिषदेचा शिक्षक आहे, कोलाम पोडावर (पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती) आठ वर्षं काढली, म्हणून दोन शब्द.

ते ‘आदिवासी भोळा असतो’ हे वाक्य आमच्या केंद्रप्रमुखापासून ते मिशनवाल्यापर्यंत आणि मिशनच्या विरोधातल्यापर्यंत सगळे बोलतात, आणि सगळे चूक. कोलाम माणूस तुमच्याकडून गोळी घेईल, तुमची प्रार्थना पण ऐकून घेईल मान हलवत, आणि संध्याकाळी त्याला जे करायचं तेच करेल. मी आठ वर्षं ‘रोज शाळेत पाठवा’ म्हणतोय, मान सगळ्यांनी हलवली.

दुसरं म्हणजे ती वही. उगंच भाऊ तुम्ही वहीवर काहीच बोलला नाही. मी पहिलीच्या वर्गात पहिल्या दिवशी गेलो तर बत्तीस पोरं माझ्याकडं बघायलेत आणि मी बोलतोय ते एकाला कळत नाही. पुस्तक मराठी, मास्तर मराठी, पोरगं घरात कोलामी बोलतं, जी मराठीची कुणी लागत नाही, ती तेलुगू गोंडीच्या कुळातली. डी.एड. ला आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पण वही घातली होती, पण माझी चाळीस शब्दांवर थांबली. दोनशे पानं म्हणजे खायचं काम नाही.

बारीपदा_रिटर्न

बँकेत असताना ओडिशात मयूरभंजला पोस्टिंग होती चार वर्षं (मूळ गाव परळी), म्हणून हा धागा बघून थबकलोच.

पहिली गोष्ट, जालनेकर, तुमच्या काकूच्या यादीतले शब्द मी बारीपद्याच्या बाजारात ऐकलेले आहेत!! तिकडं हो जमातीचे लोक पाण्याला दा म्हणतात, वाघाला कुला, खाण्याला जोम. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संताळी, मुंडारी, हो यांची बहीण, फक्त बाकीच्या बहिणी पूर्वेला आणि ही एकटीच इकडं सातपुड्यात येऊन राहिलेली.

दुसरी गोष्ट. तिथं ग्रॅहॅम स्टेन्स यांचा कुष्ठरोग्यांचा आश्रम होता. ऑस्ट्रेलियाचा माणूस, 1965 पासून बारीपद्यात, उडिया अस्खलित, संताळी आणि हो पण. बायको ग्लॅडिस. मुलं तिघं, उटीला बोर्डिंगला शिकायची. 22 जानेवारी 1999 ची रात्र, केओंझर जिल्ह्यातलं मनोहरपूर, जंगलातल्या गावांतल्या ख्रिस्ती लोकांचं दरवर्षीचं शिबिर होतं, थंडी म्हणून बापलेक गाडीतच झोपले, आणि जमावानं गाडी पेटवून दिली. फिलिप दहाचा, टिमथी सहाचा. सुट्टी होती म्हणून पोरं बापासोबत आलेली, हे वाचलं की माझ्या पोटात अजून कालवतं. ग्लॅडिसबाईंनी मारणाऱ्यांना माफ केल्याचं सांगितलं आणि त्या लगेच निघून गेल्या नाहीत, मुलीला घेऊन तिथंच राहिल्या, पुढं काही वर्षांनी ऑस्ट्रेलियाला गेल्या. 2005 ला पद्मश्री. मुख्य आरोपीला आधी फाशी, मग हायकोर्टात जन्मठेप, 2011 ला सुप्रीम कोर्टानं तीच कायम केली.

मी त्या आश्रमात बँकेच्या कामानं गेलो होतो. बोटं झडलेले म्हातारे हातमागावर बसलेले. धर्म वगैरे मी काही विचारलं नाही, खातं उघडायचं होतं, अंगठा लावायला अंगठा नव्हता, फॉर्मवर काय लिहावं ते मला कळेना.

उगंच_एक

जाळलं ते वाईटच, त्याला कोण बरोबर म्हणेल. पण त्यानं माझा प्रश्न संपत नाही ना. माणूस चांगला असणं वेगळं आणि त्याचा हेतू वेगळा.

अक्कलखाते

कायद्याचं थोडं, कारण दर वेळी तेच तेच.

घटनेच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे. पण 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं की प्रसार म्हणजे आपल्या धर्मातलं दुसऱ्याला सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. तो खटला मध्य प्रदेशच्या 1968 च्या आणि ओडिशाच्या 1967 च्या कायद्यावरून. म्हणजे काकांनी गोष्ट सांगणं या हक्कात बसतं, आमिष दाखवणं नाही. मधली रेघ कुठं ते गावात बसल्याशिवाय कळणार नाही.

आणि दुसरी गंमत (गंमत कसली). दलित माणूस ख्रिस्ती झाला की 1950 च्या आदेशाप्रमाणं त्याचा एससीचा दर्जा जातो. आदिवासी ख्रिस्ती झाला तरी एसटी राहतोच, कारण ते धर्मावर नाही, जमातीवर आहे. हे ‘डिलिस्टिंग’ (धर्म बदललेल्यांना एसटीच्या यादीतून काढा) म्हणून जे मोर्चे निघतात ते याच्यावरूनच.

जालनेकर

अक्कलखाते साहेब बरोब्बर. आमच्या घरात हे रोजचं होतं. काका एकदा हसत म्हणले होते, मी ज्याला बाप्तिस्मा दिला त्याचा दाखला शाबूत, माझा मात्र आजोबांच्या काळातच गेला.

उगंच भाऊ, तुमचा प्रश्न टाळत नाही. बावीस वर्षांत बाप्तिस्मे किती झाले ते मी घरात विचारलं. आठ घरं. काकांना याची खंत होती, मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) अहवालात आकडा लिहिताना ते पान दोन दोन दिवस पडून राहायचं. वरून पत्र यायचं, ‘फळ दिसत नाही’. म्हणजे दबाव नव्हता असं मी म्हणणार नाही, होता, आकड्याचाच होता.

काकूचं गणित वेगळं. तिला आकडा विचारला की ती बाळंतपणं सांगायची. तिच्यापाशी लहान बाळं यायची पोटावर डाग घेऊन, पोट फुगलं की तापल्या सळईचे चटके द्यायची पद्धत. पहिल्या वर्षी ती भुमक्याशी कडाकडा भांडली. भुमका म्हणजे गावातला मंत्रतंत्र, औषध बघणारा. परिणाम काय तर दोन महिने तिच्या दारात एक बाई आली नाही. मग तिनं काय केलं, त्याच्याच घरी गेली, त्याच्या नातवाला ताप होता, क्लोरोक्विन कुटून गुळात घालून दिली, दुसऱ्या दिवशी परत, तिसऱ्या दिवशी परत. त्यानंतर ठरलं, आधी बाईची गोळी, मग बाबाचा धागा, चटका नाही. भुमका शेवटपर्यंत भुमकाच राहिला, ख्रिस्ती वगैरे झाला नाही. पण 2001 ला हे दोघं निघाले तेव्हा सावा-कुटकीची पिशवी घेऊन तुकईथडपर्यंत पोचवायला तोच आला होता. ती कुटकी आम्ही जालन्यात खाल्ली, मला आवडली नव्हती.

कोरकू_कोन

नमस्कार. मी धारणी तालुक्यातलाच, सध्या संभाजीनगरला एमएसडब्ल्यू करतोय. मित्रानं लिंक पाठवली. (कोन म्हणजे मुलगा, तुमच्या वहीत असेल बघा.)

सगळ्यांचं वाचलं. एक गोष्ट कुणीच विचारली नाही म्हणून विचारतो. आमच्यात माणूस मेला की काही काळानं सिडोली करतात, त्याच्या नावानं लाकडाचा खांब कोरून उभा करतात, तेव्हाच तो पितरांत जाऊन मिळतो असं आमचे म्हातारे मानतात. मग जी आठ घरं ख्रिस्ती झाली त्यांच्या म्हाताऱ्यांचं काय झालं? खांब उभा राहिला का? कारण आमच्या शेजारच्या गावात असंच एक घर आहे, बाप कोरकू रीतीचा, पोरगा प्रार्थनेवाला. बाप मेल्यावर भावाभावात सहा वर्षं बोलणं नव्हतं, एक म्हणे सिडोली करायची, दुसरा म्हणे माझ्या पाळकानं मना केलंय. दवाखाना, शाळा, सगळं मान्य आहे, मी स्वतः मिशनच्या हॉस्पिटलात जन्मलोय. पण बाप अर्ध्या वाटेत अडकून राहिला हे त्या घराला कोण भरून देणार?

पोडावरचा_मास्तर

हे खरं बोलणं. एवढ्या पोस्टी झाल्या त्यात पहिल्यांदा ज्याच्याविषयी चाललंय तो बोलला.

जालनेकर

कोरकू कोन भाऊ, काल रात्री वाचलं आणि लगेच उत्तर देता येईना. वही परत काढली. ‘सिडोली’ शब्द आहे त्यात. मराठीच्या रकान्यात अर्थ लिहायचा सोडून काकूनं अर्धं पान भरलंय. सारांश असा की आठातल्या एका घरात म्हातारी गेली, लेक काकांकडं विचारायला आला, काका नाही म्हणले, देवाच्या वचनात बसत नाही. काकू पुढं लिहिते (जसंच्या तसं), ‘यांना बरोबर वाटले. मला रात्रभर झोप नाही. खांब सागाचा असतो, त्याच्यावर घोडा आणि सूर्यचंद्र कोरतात. कोरणाऱ्याचे पैसे त्यांनी आधीच दिले होते.’

एवढंच आहे. पुढं काय झालं ते लिहिलेलं नाही. मला वाटतं काका तिथं चुकले. आमच्या घरात हे मोठ्यानं म्हणलं तर आत्या जेवायला वाढणार नाही.

अक्कलखाते

यावरून व्हेरिअर एल्विन हा इंग्रज आठवला. 1927 ला मिशनरी म्हणूनच पुण्यात आला. 1932 ला मंडल्याच्या बाजूला करंजियाला गोंडांत जाऊन राहिला, सोबत शामराव हिवाळे, आपला मराठी ख्रिस्ती माणूस, ज्याचं नाव कुणी घेत नाही. बिशपशी वाजलं कारण एल्विन गोंडांना ख्रिस्ती करायला तयार नव्हता, 1935 ला चर्चच सोडलं. शामरावांनी पुढं परधान जमातीवर लिहिलं, तेच परधान जे मास्तरांच्या किनवटात पण आहेत.

हिंगोलीची_लेक

एल्विनचं कौतुक चाललंच आहे तर कोसीचं पण सांगा की. गोंड मुलगी, १९४० ला तिच्याशी लग्न केले, नऊ वर्षांनी सोडून दिले. तो मोठा झाला, पद्मभूषण झाला, ती गरिबीत राहिली. या सगळ्या थोर कहाण्यांत बाई कुठं असते ते बघत जा जरा. दादा तुमच्या काकूला पगार होता का?

जालनेकर

काकांना होता. काकूला ‘मानधन’, आणि ते पण मधली काही वर्षं बंद होतं. चांगला प्रश्न विचारलात, मी हे कधी जोडूनच बघितलं नव्हतं.

बारीपदा_रिटर्न

मिझोरामचं एक सांगू का, विषय सोडून नाही. लोरेन आणि सॅविज म्हणून दोघं इंग्रज 11 जानेवारी 1894 ला तिथं पोचले. त्या भाषेला लिपीच नव्हती, रोमन अक्षरांत यांनी बसवली, शब्दकोश केला. आज मिझोरामची साक्षरता नव्वद टक्क्यांच्या वर. पण तिथं जवळजवळ सगळा समाजच ख्रिस्ती झाला, त्यामुळं भाषा, चर्च, शाळा एकाच दावणीला. मेळघाटात आठ घरं ख्रिस्ती आणि शाळा सरकारी मराठी, मग वही ट्रंकेतच राहणार ना.

उगंच_एक

माझं मत बदललेलं नाही, आधीच सांगतो. पण वही ट्रंकेत राहू नये हे मला पण वाटतं. स्कॅन करा. मोबाईलवर होतं आता.

धाग्याचा_वाली

संपादक म्हणून: मधल्या दोन पोस्टी उडवल्या आहेत (कुणाच्या ते त्यांना माहीत). बाकी चालू द्या.

कोरकू_कोन

जालनेकर काका, ते सिडोलीचं पान तुम्ही लपवलं नाही याबद्दल आभार. वहीचे फोटो पाठवले तर मी आजीला वाचून दाखवीन. तिला वाचता येत नाही पण चुका ती बरोबर काढेल, माझ्या रोज काढते. एक शंका, दोघंजण आणि पुष्कळजण यांच्यासाठी आमच्यात वेगवेगळे प्रत्यय लागतात, मराठीत तसं नाही. काकूंना ते समजलं होतं का?

जालनेकर

हो! बघितलं. चौथ्याच पानावर. ‘दोघे असले तर वेगळे, जास्त असले तर कू. कोरो म्हणजे माणूस, कोरकू म्हणजे माणसे. आपण यांना जमातीचे नाव म्हणून कोरकू म्हणतो, ते नुसते माणसे म्हणतात.’ आणि खाली दोन रेघा मारल्यात.

स्कॅनचं असं झालंय की वही माझी नाही, ताईची आहे, म्हणजे काकूच्या मुलीची. ती या विषयावर बोलत नाही. हॉस्टेलला दहा वर्षं काढली, आईबाप नाताळला आणि मे महिन्यात दिसायचे, एका नाताळला तर पुलावर पाणी नसून पण आले नाहीत कारण गावात गोवर होता. ती मला एकदा म्हणली होती, माझ्या आईला कोरकूत लोरी येत होती, मला माहीतच नव्हतं, मी हॉस्टेलला बाईंची लोरी ऐकून झोपले. म्हणून विचारायला भीत होतो. काल विचारलं.

हिंगोलीची_लेक

मग? काय म्हणल्या ताई?

जालनेकर

द्यायला तयार आहे. अट एकच, मागची चार पानं स्कॅन करायची नाहीत. मला वाटलं काही खाजगी लिहिलं असेल, उघडून बघितलं तर हिशोब. हॉस्टेल फी, मनिऑर्डर, स्वेटर, परत हॉस्टेल फी, ‘बूट एक नंबर मोठे घेणे’. प्रत्येक ओळीपुढं तारीख, 79 पासून 89 पर्यंत. ती चार पानं ती ब्लेडनं कापून स्वतःकडं ठेवणार आहे म्हणे.

आता अडचण वेगळीच, मधली वीसेक पानं ओल लागून चिकटली आहेत. शाई निळी, जुनी फाउंटन पेनची. ओढली तर फाटतील असं वाटतंय. कुणाला अनुभव?

पोडावरचा_मास्तर

ओढू नका हो, आणि उन्हात तर अजिबात ठेवू नका. सावलीत, पंख्याखाली, वही उभी करून पानं थोडी पसरून. पातळ प्लॅस्टिकची पट्टी कोपऱ्यातून हळू सरकवायची. शाळेचं जनरल रजिस्टर असंच सोडवलंय दोनदा, छप्पर गळकं आहे आमचं. जिथं शाई फुटलीय तिथं थांबा, फोटो काढा, मग पुढं.

कोरकू_कोन

चिकटलेल्या पानांचं घाईनं काही करू नका. दिवाळीला मी गावी जाणार आहे, जाताना जालन्यात उतरतो, सोबतच बसून काढू.